मंडळाचा एकुलता एक सुटलेला

बिरप्पानं शिंदी सोडली त्याला दहा महिने झाले होते, आणि ती कशी सोडावी याचं एक शास्त्र त्यानं स्वतःच बसवलं होतं. पहिलं कलम असं, की गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की कमरेच्या फडक्यातली चतकोर भाकरी आणि शेंगाची चटणी फाटकातच तोंडात टाकायची, कारण रिकाम्या पोटाला शिंदी लवकर आठवते. दुसरं, येडूच्या शिंदीच्या दुकानावरून जाणारी सरळ वाट सोडायची आणि तलावाच्या काठानं लांबचा वळसा घालून घरी जायचं. तिसरं, खारे फुटाणे खायचे नाहीत. फुटाण्यांनी त्याचं काही घोडं मारलं नव्हतं; पण बारा वर्षं फुटाणे आणि शिंदी त्याच्या तोंडात जोडीनं गेले होते, एक आलं की दुसऱ्याला हाक मारायचं. चौथं आणि शेवटचं कलम रोज घराच्या दारात उभं असायचं. त्याचं नाव बजाबाई.

बजाबाई ही बिरप्पाची बायको. दोन वर्षांच्या मायाक्काला कडेवर घेऊन ती उंबऱ्यात उभी राहायची आणि नवरा समोर आला की म्हणायची, "हा करा." बिरप्पा साऱ्या चाळीदेखत तोंड उघडायचा. बजाबाई नाक पुढं करून हुंगायची आणि मगच बाजूला सरायची. चाळीतले लोक खिदळायचे. "बिरप्पा, बैलबाजारात हुबा केल्यावानी दात मोजत्यात का रं तुजं?" असं विचारायचे. बिरप्पा तोंड मिटून आत जायचा. हसणाऱ्यांच्या घरी भाकरी करायला बायका होत्या, त्याच्या घरी तीन महिने चूल पेटली नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. गेल्या साली वळसंगला, म्हणजे त्याच्या सासुरवाडीला, बिरोबाची जत्रा होती. ढोल वाजवावा तो बिरप्पानंच, असं धनगरांच्या चार गावांत म्हणत. सासऱ्यानं आपला वडिलोपार्जित ढोल मोठ्या मानानं जावयाच्या गळ्यात घातला. जावईबापू आदल्या दुपारपासून झिंगलेले. देवाची पालखी समोर आली आणि हे ढोलासकट पालखीच्या पायाशी आडवे झाले, ते ढोलाचं कातडं फाडून आत गुडघा घालूनच. त्याच दिवशी मेहुण्यानं, तिप्पण्णानं, बहिणीला आणि भाचीला घरात घेतलं आणि बिरप्पाला सोलापूरची वाट दाखवली. तीन महिन्यांनी बजाबाई परत आली ती एकच अट घेऊन. "ज्या दिशी वास यील त्या दिशी म्या वळसंगला. मंग बिरोबा सवता बलवाया आला तरी येत न्हाय." ती बोलेल तसं करणारी बाई होती. बिरप्पानं कानाला खडा लावला.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग मंडळाला बिरप्पाचा शोध लागला.

मंडळ म्हणजे सोलापुरातलं मद्यपाननिषेधक मंडळ. त्याचे अध्यक्ष आबासाहेब हे पेन्शनर मामलेदार. नोकरीत असताना तीस वर्षं त्यांनी सरकारच्या वतीनं शिंदीच्या ठेक्यांचे लिलाव पुकारले होते, आणि पेन्शन सुरू झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात शिंदी वाईट असते असं त्यांच्या ध्यानात आलं होतं. मंडळाचे चिटणीस हिंदुराव मास्तर. हे शाळेत चित्रकला शिकवायचे, पण जीव सगळा नाटकात. एका नाटक कंपनीनं आवाज बसका म्हणून परत पाठवलं होतं, ते दुःख त्यांनी समाजसेवेत गुंतवलं होतं. या दोघांनी पाच वर्षं भाषणं केली, पत्रकं वाटली, प्रभातफेऱ्या काढल्या. पाच वर्षांत त्यांच्यामुळं एकाही माणसानं पेला खाली ठेवला नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

अशात कुणीतरी सांगितलं की गिरणीतल्या एका विणकरानं शिंदी सोडलीय, आपली आपण. आयत्या बिळावर नागोबा यावा तसं मंडळ बिरप्पाच्या दारात आलं. हार घातला, नारळ दिला, आणि येत्या रविवारच्या पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं: मंडळाच्या अविश्रांत प्रयत्नांनी सुटलेला गृहस्थ स्वमुखे हकिकत सांगेल.

बिरप्पाला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. बारा वर्षं त्याला लोकांनी गटारातून उचललं होतं; आता व्यासपीठावर चढवत होते. पहिल्या सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "म्या पेत व्हतो. लई वाईट झालं. मंग सोडली." आणि खाली बसला.

हिंदुराव मास्तरांनी कपाळावर हात मारला. "बिरप्पा, असं नसतं रे! लोकांना दिसलं पाहिजे. रंग भर. पहिला घोट कसा लागायचा? फेस कसा यायचा? चाल कशी व्हायची?" पुढचे आठ दिवस त्यांनी गिरणी सुटल्यावर बिरप्पाला शिकवलं. तोल कसा सोडायचा, उचकी कुठं घ्यायची, शब्द कुठं अडखळवायचा. त्यांनी आयुष्यात शिंदीचा थेंब चाखला नव्हता आणि बिरप्पाला ते पिणं शिकवत होते. पण बिरप्पा पडला ढोलवाला. ताल त्याच्या अंगात. त्यानं असा काही दारुड्या उभा केला की पुढच्या रविवारी सरकी काढायच्या जुन्या जिनाच्या पटांगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. थंडगार मडकं, वरचा पांढरा फेस, ओठाला लागणारी आंबूस गोडी, पोटात उतरणारा गारवा, सारं तो सांगायचा आणि हजार माणसं जिभल्या चाटत ऐकायची. शेवटची दोन मिनिटं "म्हून कुनी पिऊ नगा" असं म्हणायची, तोवर निम्मे लोक उठलेले असत.

आता हे हजार लोक घरी जात आणि विसरून जात. बिरप्पाला मात्र तो फेस सोबत घेऊन घरी जावं लागे. पहिल्यांदा घसा कोरडा पडला तेव्हा त्याला वाटलं, बोलून बोलून पडला असेल. दुसऱ्यांदा दोन तांबे पाणी प्यायला तरी कोरड जाईना. तिसऱ्या रविवारी सभेनंतर तलावाच्या वाटेला लागलेले पाय त्याच्या नकळत येडूच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले. बिरप्पा घाबरला. गिरणीच्या भोंग्याला त्याच्यापाशी भाकरी होती, फुटाण्यांना बंदी होती. सभेला काही उतारा नव्हता.

तो आबासाहेबांच्या बंगल्यावर गेला आणि व्हरांड्याच्या पायरीशी उभा राहिला. "आबासायेब, येक इचारू का? सभेत त्या शिंदीचं समदं सांगितलं की मला लई प्यावंसं वाटतंय. आदी वाटत नव्हतं. माजं बोलनं बंद केलं तर चालंल का?"

आबासाहेब प्रेमळपणे हसले. "अरे वेड्या, भाषणानं घसा सुकतोच. मला नाही का कोरड पडत? मी लिंबाचं सरबत घेतो."

"तुमचं येगळं हाय की, आबासायेब. तुमाला सरबत आठवतंय."

"हे बघ, याला मनोनिग्रहाची उणीव म्हणतात. तुला सभा कमी पडताहेत. आता बुधवारीही ठेवत जाऊ," आबासाहेब म्हणाले, आणि तशी नोंद करायला त्यांनी हिंदुरावांना निरोप धाडला.

झालं. आठवड्याला दोनदा बिरप्पा हजार लोकांसमोर झिंगायचा आणि शुद्धीवर घरी यायचा. बजाबाई हुंगायची. वास येत नसे. पण नवरा घास चिवडतोय, भांड्याचा आवाज झाला तरी दचकतोय, हे तिला दिसत होतं. "त्या सभंला जाऊ नगा," ती म्हणाली. "मोठी मानसं हाईत, न्हाय कसं म्हनू," बिरप्पा म्हणाला. मोठ्या माणसांना नाही म्हणण्याचं कलम त्याच्या शास्त्रात नव्हतं, आणि घोळ तिथंच होता.

अशात पुण्याहून एक रावबहादूर मंडळाचं काम पाहायला येणार असं ठरलं. हिंदुरावांच्या अंगात आलं. त्यांनी एक नाट्यप्रवेशच लिहून काढला. बिरप्पा झिंगत येणार, खऱ्या शिंदीनं भरलेलं मडकं ओठापर्यंत नेणार, तोच त्याला बायकोमुलं आठवणार, "नको! माझी साध्वी पत्नी! माझी सोन्यासारखी चार लेकरं!" असं म्हणून तो मडकं फोडणार, पडदा. लेकरू एकच होतं. पण चारांनी परिणाम अधिक होतो.

"मडक्यात ताक घातलं तर?" बिरप्पानं विचारून पाहिलं.

"ताक?" मास्तरांना ताकाचा धक्काच बसला. "अरे, वास्तवता नको का?"

मग मंडळाच्या बैठकीत, प्रचारकार्यार्थ एक मडकं शिंदी विकत आणावी, असा ठराव एकमतानं पास झाला. पण आणायची कुणी? आबासाहेब येडूच्या दुकानात शिरताना कुणी पाहिलं तर? मास्तर शाळेचे. बाकीचे सभासद अब्रूदार. सगळ्यांची नजर फिरत फिरत बिरप्पावर आली. "तुला वाट ठाऊकच आहे," आबासाहेब म्हणाले आणि सहीनिशी चिठ्ठी लिहून दिली. बिरप्पा चिठ्ठी घेऊन निघाला आणि दारात अडखळला. हिंदुरावांना तीही तालीम वाटली.

शनिवारी गिरणी सुटल्यावर त्यानं आधी सगळी भाकरी खाल्ली आणि मगच अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्या गल्लीत पाऊल टाकलं. वास कोपऱ्यावरच भेटायला आला. येडू हा तेलुगू गडी, दुकानाच्या ओट्यावर बसून मडकी पुसत होता. त्यानं बिरप्पाला पाहिलं आणि उठून दारात आडवा हात धरला.

"कुटं बे?"

"मंडळाची चिठ्ठी हाय, येडूअण्णा. येक मडकं पायजेल."

"लाटसायबाची चिठ्ठी असू दे. तुला देत न्हाय. आत पन यायचं न्हाय. तितंच हुबा रहा."

बिरप्पाचा ऊर भरून आला. साऱ्या सोलापुरात आपली काळजी करणारा हा एक माणूस निघाला, असं त्याला वाटलं. "अण्णा, तुमी देवमानूस हाव," तो म्हणाला.

"देव कशाला बे? धंद्याचं बोलतोय," येडू म्हणाला. "तुमची सभा सुटली की मानसं सरळ हितं येत्यात. तू असं रंगवून सांगतो की, न पिनारा पन म्हनतो, येकदा बघू तरी. शिमग्याला न्हाय तेवढी गर्दी रैवारी. उद्या तू परत प्याला लागला तर सभेत बोलंल कोन? आबासायेब? त्येंचं ऐकून लोक झोपत्यात. तू घरी जा. मडकं मी सवता आनून देतो."

बिरप्पाला हसावं की रडावं कळेना. त्याच्या कोरड्या घशावर मंडळाचं नाव चाललं होतं, येडूचं दुकान चाललं होतं. तो सुटलेला राहावा ही दोघांची मनापासून इच्छा होती, आणि तो सुटलेला राहू नये अशी तजवीजही दोघांनी मिळून केली होती. घरी येऊन तो काही जेवला नाही.

रविवारी चार वाजता जिनाचं पटांगण फुललं. मंचावर एका बाजूला रावबहादूर, शेजारी आबासाहेब. बायकांच्या बाजूला पुढच्या रांगेत मायाक्काला घेऊन बजाबाई. साध्वी पत्नी म्हणून शेवटी तिला उभं करून दाखवायचं, असा मास्तरांचा बेत होता. पडद्यामागं बिरप्पानं फडक्यातली भाकरी-चटणी खाऊन घेतली, तोच हिंदुरावांनी येडूच्या मडक्यातली ओंजळभर शिंदी घेतली आणि बिरप्पाच्या बाराबंदीवर शिंपडली.

"मास्तर, ह्ये काय करता!" बिरप्पा मागं सरला. "माजी बायकू वासावर हाय!"

"पहिल्या रांगेपर्यंत वास गेला पाहिजे. तिला मी समजावीन मागाहून," मास्तर म्हणाले आणि आणखी एक ओंजळ त्याच्या खांद्यावर रिकामी केली. मग मडकं त्याच्या हातात देऊन त्यांनी त्याला पुढं ढकललं.

बिरप्पा झिंगत आला. लोक हसले. उचकी दिली, लोक लोळले. मग त्यानं मडकं उचललं. आता ते बोलण्यातलं मडकं नव्हतं. फेस खराच होता, गारवा बोटांना लागत होता, आणि अंगावरच्या बाराबंदीचा वास नाकात आधीच शिरून घर करून बसला होता. मडकं ओठापाशी आलं. इथं "नको!" म्हणायचं होतं. बिरप्पाला तो शब्दच आठवेना. पडद्यामागून मास्तर कुजबुजत होते, "फोड! फोड!" हात ऐकत नव्हते. मडकं खालीही जाईना, फुटेही ना. सगळं पटांगण श्वास रोखून बसलं होतं.

आता आपण पिणार, हे बिरप्पाला स्वच्छ कळलं. एक पळभरानं पिणार. लोक टाळ्या वाजवणार, बजाबाई उठणार, मायाक्काला कडेवर घेणार, आणि वळसंगच्या वाटेला लागणार. त्याला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बजे!" तो ओरडला. "ये गं! धर ह्ये! मला फोडवंना!"

हे प्रवेशात नव्हतं. पटांगणात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"नाटक न्हाय ह्ये! कुनी तरी धरा की वो!" बिरप्पा रडायला लागला. टाळ्या दुप्पट झाल्या. रावबहादूरांनी रुमाल काढून डोळे टिपले. आबासाहेब त्यांच्या कानात म्हणाले, "गिरणीतला साधा विणकर आहे, पण आम्ही तयार केला." आणि पडद्यामागून मास्तर म्हणत होते, "वा! असंच! वाढव, वाढव!"

हजार माणसांत एकटी बजाबाई तेवढी टाळी न वाजवता उठली. मायाक्काला शेजारणीच्या मांडीवर टाकून ती मंचावर चढली. चार पावलांवरच वासानं तिला गाठलं आणि ती थबकली. बिरप्पानं तिचं तोंड पाहिलं, आणि सगळं संपलं असं त्याला वाटलं. बाराबंदीच शिंदीत भिजलेली, आता तोंडाचा वास वेगळा काढायचा कसा?

"हा करा," बजाबाई म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं. तिनं एकदा हुंगलं. डोळे मिटून पुन्हा एकदा हुंगलं. तो हुंगण्याचा वेळ बिरप्पाला अकरा महिन्यांएवढा लांब वाटला.

"शेंगाची चटनी," ती हळूच म्हणाली, आणि त्याच्या आखडलेल्या बोटांतून तिनं एकेक करून मडकं सोडवलं. मग वळून ते काठोकाठ भरलेलं मडकं तिनं आबासाहेबांच्या मांडीवर ठेवलं.

"तुमीच धरा आता," ती म्हणाली. "आकरा म्हैनं म्या ह्येंचं तोंड रोज हुंगलं, येक दिस वास आला न्हाय. आज आला, तो तुमी लावला म्हून आला. ह्ये प्याले असते तर तुमाला टाळ्या मिळाल्या असत्या, आबासायेब. घर माजं गेलं असतं."

पटांगणानं याही वाक्याला टाळ्या दिल्या. बिरप्पानं बाराबंदी अंगातून काढली, तिथंच मंचावर टाकली आणि उघड्या अंगानं बायकोमागं चालू लागला. तलावाच्या काठाशी येताच बजाबाईनं त्याला धोतरासकट पाण्यात बसवलं आणि मूठभर मातीनं त्याची पाठ, मान, खांदे असे खसखसून घासले, की त्याला रडूही आलं आणि हसूही. ती स्वतःही रडत होती, पण घासणं तिनं थांबवलं नाही.

बुधवारी संध्याकाळी हिंदुराव मास्तर चाळीत आले. रावबहादूर फार खूश होऊन गेले होते. "वहिनी, काय तो तुमचा प्रवेश!" मास्तर उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "मी लिहिला असता तरी इतका जमला नसता. दर रविवारी तसाच ठेवू. फक्त आबासाहेबांना उद्देशून जे वाक्य आहे, तेवढं गाळू."

बजाबाई भाकरी थापत होती. बिरप्पानं विचारलं, "मास्तर, म्या त्या दिशी खरंच प्यालो असतो तर?"

हिंदुराव नाटकवेडे होते, खोटारडे नव्हते. त्यांनी विचार केला आणि खरं ते सांगितलं. "मोठीच पंचाईत झाली असती रे. पुढच्या महिन्यात बार्शीला सभा लावलीय."

"बार्शीला दुसरा न्या."

"दुसरा आणू कुठून? पाच वर्षांत सुटलेला तू एकटाच!"

"म्या तुमच्या मंडळात सुटलो न्हाय, मास्तर," बिरप्पा म्हणाला. मोठ्या माणसांना नाही म्हणण्याचं पाचवं कलम त्याच्या तोंडून शेवटी बाहेर पडलं. "ह्या दारात सुटलो. त्ये बी रोज सुटावं लागतंय. म्या येत न्हाय."

मास्तर परत गेले. पुढं दोन महिन्यांत मंडळाच्या सभांची गर्दी आटली, रविवारी येडूच्या दुकानात माशा उडू लागल्या, आणि आबासाहेबांनी आपलं लक्ष तंबाखूकडं वळवलं. दारूबंदीची एकच सभा सोलापुरात नेमानं भरत राहिली. गिरणीचा भोंगा होऊन तासभर झाला की बिरप्पा तलावाच्या वाटेनं येऊन उंबऱ्याशी उभा राहायचा. तिथं अध्यक्ष एक, श्रोता एक, आणि भाषण दोन शब्दांचं.

"हा करा," बजाबाई म्हणायची.